पहिले दोन इंच

३ मार्च

चि. ढोल्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या जोडीला एक ओरडा.

तू गेलास आणि तुझा पट्टा इथेच राहिला. दारामागच्या खिळ्याला लटकतो आहे. तुझे भावोजी रोज सकाळी त्याला विचारतात, की बाबा रे, तुझा मालक पँट कशाने धरून गेला? घरात नाडीचे पायजमे घालतोस तोवर ठीक. दोन मेला कामावर रुजू होशील तेव्हा पट्टा लागेल. तोवर इथेच राहू दे. त्यात मी आरीने पाडलेले जास्तीचे भोक आहे, ते तुला आठवत असेलच.

डॉक्टरांनी निघताना सांगितले ते पुन्हा लिहिते, कारण त्या वेळी तू खिडकीबाहेर बघत होतास. गाठ काढून झाली. आता दोन महिन्यांत अंग भरले पाहिजे. कपडे घट्ट व्हायला लागले तर उत्तम. सैल व्हायला लागले तर वीस एप्रिलच्या तपासणीची वाट बघायची नाही, मिळेल त्या गाडीने निघून यायचे, कारण ते दुखणे परतल्याचे लक्षण. तू वजनकाट्यावर पुन्हा उभा राहणार नाहीस म्हणून हट्ट धरून बसला आहेस. मी त्यावर वाद घालत नाही. निघायच्या दिवशी मी घेतलेली मापे वहीत आहेत. कमर तेहतीस, छाती सदतीस.

जुना कोट घालून कचेरीत जाऊ नकोस. तो तुझ्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. नवाही शिवू नकोस, तुझे अंग कुठल्या मापावर येऊन थांबेल ते अजून सांगता येत नाही. जुन्या कपड्यांच्या बाजारात जा. कोट उलटा करून अस्तर बघ. बगलेत कापड विरले असेल तर ठेवून दे, कोपराला विरले असेल तर घे, कोपर झाकता येतो. खांदा बसला पाहिजे. बाकी सगळे मी पत्रातून तुझ्याकडून करून घेते.

दूध दोन वेळा. अंडे रोज.

लोभ आहे, तो धुतल्यावर आटणारा नाही.
तुझी ताई


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (नमस्कार कमरेतून वाकून. टाके आता ओढत नाहीत.)

बाजार पुलाखाली भरतो. या पुलाचे नकाशे आमच्याच कचेरीत काढलेले. त्याच्या तिसऱ्या कमानीची सगळी मापे माझ्या हातची, पण खाली इतके कपडे मावतील असे तेव्हा वाटले नव्हते. कोटांचा ढीग माझ्या छातीएवढा. भोवती बायका. त्या ज्या वेगाने कपडा उचलतात, उलटा करतात, हुंगतात आणि फेकतात, तो वेग माझ्याकडे नाही. मी एक कोट शांतपणे बघत असताना तो माझ्या हातातून दोनदा गेला.

तिसरा धरून ठेवला. करड्या रंगाचा, लोकरी, अस्तर शाबूत, उजवा कोपर विरलेला. खांदा बसतो. बाकी कोट तंबूसारखा. ढिगाची मालकीण मला बघून म्हणाली, की यात तुमच्यासारखे दोन बसतील. मी म्हणालो, मग अर्धी किंमत घ्या, मी एकटाच आलो आहे. ती हसली नाही, पण किंमत अर्धी केली. खिशात खडूचे दोन तुकडे निघाले. आधीचा मालक मास्तर असावा. तुकडे ठेवले आहेत, खुणा करायला होतील.

वाटेत एक टेप घेतली. पिवळी, कोरी, वळवली की टणकन सरळ होणारी. आईची टेप तू मला देणार नाहीस हे ठाऊक आहे. ज्याने सहाव्या वर्षी तिचे पहिले दोन इंच इस्त्रीखाली जाळले, त्याला ती कोण देईल? घरातल्या सगळ्यांना जन्मभर दोन वजा करायला लावले म्हणून भावोजी अजून माझ्या नावाने बोटे मोडतात.

कोटाची मापे कचेरीतल्या पोलादी पट्टीने घेतली आहेत. सोबत आराखडा जोडला आहे, समोरून, मागून आणि बाजूने. आता सांग, कुठे कापू.

शिवण सैल असली तरी लोभ घट्ट असावा.
तुझा ढोल्या


१७ मार्च

चि. ढोल्यास,
आशीर्वाद. कात्री खाली ठेव.

कुठे कापू, हा पहिला प्रश्न नसतो. आराखडा भावोजींनी भिंतीला लावला आहे. त्यांच्या मते यावरून पूल बांधता येईल, कोट येणार नाही.

आधी अस्तर खालून वीतभर उसव. ब्लेडने, एक टाका सोडून एक, दोरा ओढू नकोस. बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घ्यायच्या. पाठीची मधली शिवण सोडून दे, ती तुला जमायची नाही. खडूने रेघ मार, तिच्यावर कच्चा धावदोरा घाल, मग पक्की उलटी टीप. आत जे कापड उरेल ती माया. तिला हात लावायचा नाही. ती तशीच दुमडून आत ठेव. अंग भरले की कोट उसवून पुन्हा मोठा करता येतो, कापलेल्या कोटाला कोणी विचारत नाही.

खरे तर कोट उलटा घालून अंगावरच टाचण्या लावायच्या असतात. पण तुझ्याकडे टाचण्या लावायला दुसरे कोणी नाही. तेव्हा अंगाचे माप घे, त्यात दोन इंच सैलपणाचे धर आणि त्या मापावर शिव. कमर आणि छाती मलाही कळव. सहज.

सुईला दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा घेणारा आळशी, असे आई म्हणे आणि तुझ्याकडे बघे.

पत्र लवकर टाक, लोभ आपोआप पोचतो.
तुझी ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डावी बाजू झाली. टीप सरळ आली आहे, अगदी रेघेवर. बोटाला चार भोके, अस्तरावर रक्ताचा एक ठिपका. आतून आहे, दिसत नाही. दोरा हातभरच घेतो. सकाळी खिडकीशी बसतो, उजेड डावीकडून येतो. तीस वर्षे याच बाजूने उजेड घेऊन काम केले, त्यामुळे बरे वाटते. समोरच्या घरातली म्हातारी रोज मला बघते. काल खूण करून तिने विचारले, की बायको पळून गेली काय. मी खूण करून सांगितले, की आलीच नव्हती.

बाह्या लांब होत्या. हाताचे माप बावीस आले, त्याप्रमाणे कापल्या. माहीत आहे, तू कापू नको म्हणाली होतीस. पण तू शिवणींबद्दल म्हणाली होतीस. मनगटाशी कापड दुमडले की फार जाड होत होते.

भूक आहे. दूध दोन वेळा, अंडे रोज. चढ चढताना धाप लागत नाही.

तू मापे विचारलीस. छाती छत्तीस, कमर बत्तीस. तीनदा घेतली. नव्या टेपला अजून सवय नसावी किंवा मी ती ओढून धरत असेन. तू घाबरून जाशील म्हणून लिहिणार नव्हतो, पण तुला खोटे माप लिहिता येत नाही, हात अडतो.

उजवी बाजू उद्यापासून.

लोभात काट-छाट नसावी.
तुझा ढोल्या


२८ मार्च

चि. भावास,
आशीर्वाद.

पत्र मिळाले. बाहीचे बघू, त्याला उपाय आहे.

कॉलर आणि बाहीचे तोंड नीट बसवायचे तर गळा आणि मनगट यांची मापे लागतील. तेवढी लगेच पाठव. कोट घाईने पुरा करू नकोस.

भावोजींनी दहा तारखेपासून रजा मागितली आहे. त्यांना बरेच दिवस कुठे जायचे होते. ते तुझ्याकडे येतील, परत येताना तूही त्यांच्याबरोबर ये. तपासणी वीसची असली तरी डॉक्टर आधीही बघतात, मी विचारून ठेवले आहे.

जेवत जा.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मला ढोल्या म्हणाली नाहीस. चाळीस वर्षांत असे पहिल्यांदा झाले. भावोजींना बरेच दिवस कुठे जायचे होते, हे तर तू फारच वाईट रचलेस. ज्या माणसाला गल्लीच्या टोकापर्यंत जायचे तर तीन दिवस आधी सांगावे लागते, त्याला आठ तासांचा प्रवास कधीपासून आवडू लागला?

तेव्हा आपल्या दोघांनाही माहीत आहे, असे धरून लिहितो.

गळा तेरा. मनगट पाच. मनगट मोजले आणि टेप बाजूला ठेवली. लहान मुलीचे असावे तसे. काही वेळ हाताकडे बघत बसलो. हात नेहमीसारखाच दिसत होता. आपले आपल्याला कळत नाही, असे म्हणायचे.

कोट पुरा झाला. तू थांब म्हणालीस, पण थांबून करू काय? दोन्ही शिवणी, अस्तर, तुरपाई, कोपराला आतून ठिगळ. काल इस्त्री केली. खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवला आहे. खुर्चीवर छान दिसतो. अंगावर घालून बघितलेला नाही. आरशातही नीटसे बघितलेले नाही, दाढी अंदाजाने करतो. कोट घातला आणि तोही सैल झाला तर काय, हा एकच विचार येतो.

एक मागणे आहे. डॉक्टरांना आधी दाखवायला मी येईन, पण त्याआधी एक दिवस कचेरीत जाऊन येऊ दे. रुजू व्हायला नव्हे. नुसते आत जाऊन माझ्या टेबलाशी उभे राहायचे आहे, मापात बसणाऱ्या कोटात. गेल्या खेपेस साहेबांनी मला बघून आवाज खाली आणला होता. तो आवाज त्यांनी वर करावा, एवढेच.

भावोजींना येऊ दे. त्यांना आवडणारी खुर्ची खिडकीशी ठेवतो.

लोभ होता तसाच असावा, माझे माप काही असो.
तुझा ढोल्या


६ एप्रिल

ढोल्या, अरे ढोल्या,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच आणि वाचताना बस.

तुझे पत्र परवा आले. मी ते वाचले आणि भावोजींची पिशवी भरायला घेतली. मग वही काढली. वाटले, डॉक्टरांना सगळी मापे शेजारी शेजारी लिहून दाखवू. फेब्रुवारीतली एका बाजूला, तुझी दुसऱ्या बाजूला. गळा साडेचौदाचा तेरा. होऊ शकते. मनगट सातचे पाच.

ढोल्या, मनगटावर असते काय? कातडे आणि हाड. मी पस्तीस वर्षे लोकांची मापे घेते आहे. बाळंतिणी बघितल्या, महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेले बघितले. पोट जाते, दंड जातो, गळ्याच्या शिरा दिसतात. मनगट दोन इंचांनी जात नाही. हाड झिजत नाही. पाच इंचांची बाही मी अजून शाळेत न जाणाऱ्या पोरीला लावते. आणि हात बावीस? तुझा हात चोवीस आहे. माणूस वाळतो, आखूड होत नाही.

मी भावोजींना हात पुढे करायला सांगितले. आईची टेप मनगटाभोवती घातली. टेपवर साडेनऊ होते आणि माझ्या तोंडून निघाले साडेसात. विचार न करता. भावोजींनी माझ्याकडे बघितले आणि मी त्यांच्याकडे. मग ते म्हणाले, की त्या गाढवाची टेप नवी आहे ना?

तुझी टेप कोरी आहे. तिचे पहिले दोन इंच जागच्या जागी आहेत. आणि तू माप घेतलेस की दोन वजा करतोस, जसे आईने कान धरून शिकवले तसे. मलाही हे सुचायला इतके दिवस लागले, कारण वजा करणे मला चूक वाटतच नाही.

तरी मी माझ्यावरही विश्वास ठेवत नाही. पट्टा याच टपालाने पाठवते आहे. आरीचे भोक कुठे येते ते बघ. टेप पोलादी पट्टीवर ठेवून ताडून बघ. कोट घाल. आणि औषधवाल्याच्या काट्यावर उभा राहा. आता हट्ट पुरे. मी आजवर वाद घातला नाही, आता घालते.

भावोजींची पिशवी भरलेली तशीच आहे. तुझे उत्तर येईपर्यंत उपसणार नाही.

लोभ, राग आणि पट्टा एकत्र पाठवते आहे.
तुझी ताई


११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. भावोजींची पिशवी उपसावी.

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिताच येणार नाही.

टेप पोलादी पट्टीवर ठेवली. टेप बरोबर आहे. मग कमरेभोवती घातली आणि या वेळी ओठ मिटून, नुसता आकडा वाचला. चौतीस. छाती अडतीस. मनगट सात. पहिल्या खेपेस आकडा वाचल्याचे आठवतच नाही. फक्त उत्तर आठवते.

मग कोट घातला. बटण आणि काज यांच्यात तीन बोटे अंतर. पोट आत घेतले तर दोन बोटे. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपतात. ताई, मी आरशासमोर उभा राहिलो. न लागणाऱ्या कोटात, आखूड बाह्यांत, शाळेत वाढ झालेल्या मुलासारखा. बराच वेळ उभा होतो. समोरची म्हातारी खिडकीतून बघत होती. तिने खूण केली, की कोट लहान झाला. मी खूण केली, की हो, हो.

पट्टा काल आला. तुझ्या आरीच्या भोकापर्यंत बकलाची जीभ पोचत नाही. त्याच्या बाहेरच्या भोकात बसते, आरामात.

औषधवाल्याच्या काट्यावर गेलो. वजन साडेतीन किलो वाढले आहे. उतरलो आणि पुन्हा चढलो. तेवढेच. औषधवाल्याने काळजीने विचारले, काही बिघडले आहे का? मी म्हणालो, कोट.

तीस वर्षांत माझ्या टेबलावरून कितीतरी पूल गेले. एकही दोन इंचांनी चुकला नाही. भावोजींना हे सांगू नकोस. सांगणारच असशील तर मी तिथे नसताना सांग.

शिवणी उसवतो आहे. माया शाबूत आहे, तू राखायला लावलीस म्हणून. बाह्यांचे काय करू?

एकोणीस तारखेला एकटा येतो. नेहमीच्या गाडीने.

लोभ वजा न करता मोजावा.
तुझा ढोल्या


२५ एप्रिल

चि. ढोल्यास,
आशीर्वाद, पूर्ण मापाचे.

पोचल्याचे कळले. इथे असताना बाह्यांना कफ लावून दिले असते, पण तू जुना कोट आणला नव्हतास आणि कापड त्याचेच हवे. गडद आहे, करड्यावर शोभेल. जुन्या कोटाच्या पाठीच्या भागातून चार बोटे रुंद दोन पट्ट्या काढ. दुमडून बाहीच्या तोंडाला आतून टीप मार, मग बाहेर उलटव. पुढच्या बाजूला हात लावू नकोस, त्या कोटाचा मला अजून उपयोग आहे. खुंटीवर राहू दे. तो अंगाबरोबर बसेल तेव्हा कळव, मग मी तुला खाणे कमी करायला सांगेन.

डॉक्टरांनी तुला सांगितले तेच मला सांगितले, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तू पडद्यामागे सदरा घालत होतास तेव्हा एक आणखी झाले. त्यांनी खुर्चीवरचा तुझा कोट उचलला, आतल्या टिपा बघितल्या आणि शिंपी कोण म्हणून विचारले. मी टेपची सगळी हकिगत सांगितली. ते इतके हसले, की पडद्यामागून तू विचारलेस काय झाले. मी काही नाही म्हणाले होते. ते हे.

मी तेव्हा हसले नाही. त्यांनी सहा महिने म्हटले आणि मी मटकन बसले. खुर्ची होती म्हणून बरे. अठ्ठावीस मार्चपासून उभी होते असे वाटले.

आता एक कर. तुझी सवय जायची नाही, माझी गेली नाही. टेप बदलायला हवी. पहिले दोन इंच कापून टाक.

लोभ आहेच. पत्र मात्र तू टाकायचे.
तुझी ताई


३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल रुजू झालो. साहेब नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे ओरडले. तीन महिन्यांची कामे माझ्या टेबलावर रचून ठेवली होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कफांना हात लावून बघितला आणि हा नवा प्रकार कुठे शिवून मिळतो म्हणून विचारले. मी पत्ता दिला नाही. येत्या रविवारी त्यांना पुलाखाली नेणार आहे, ढीग दाखवायला. हे वाचून तू जे भावोजींना सांगणार आहेस ते सांगू नकोस.

टेप कापली. आता ती दोनपासून सुरू होते. कमर मोजली, सदतीस. म्हणजे पस्तीस. कापलेला तुकडा सोबत आहे. फेकायला हात होईना. आईच्या टेपला जोडू मात्र नकोस, पुन्हा गोंधळ होईल. बटणांच्या डब्यात टाक.

कोटाचे बटण सकाळी लागले. दुपारी जेवणानंतर काढावे लागले.

लोभ वाढत असावा, तसे काही इथेही वाढते आहे.
तुझा ढोल्या